नळ पाणी पितो तेव्हा

महाडकरांना उलटं चालणारं पाणी नवं नाही. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. पण समुद्रही दिवसातून दोनदा खाडीतून वर चढायला निघतो. एकेकाळी या भरतीच्या पाण्यावरच गलबतं आत येत आणि महाड बंदराचं गाव म्हणून नावाजलेलं होतं. पावसाळ्यात वरून पूर आणि खालून भरती अशी एकाच वेळी गाठ पडली की पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही, मग ते बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ला शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. नदी उलटते ती अशी डोळ्यांसमोर.

घरातला नळ उलटतो तो मात्र कुणाला दिसत नाही. अर्ध्या इंची नळीतून जे पाणी आपल्याकडे येतं ते त्याच नळीतून परत जाऊ शकतं, आणि जाताना आपल्या बादलीतलं, पिंपातलं, गोठ्यातल्या डोणीतलं पाणी सोबत नेऊ शकतं. शेजारच्या घरी उद्या सकाळी नळ सुटला की तेच पाणी त्यांच्या हंड्यात उतरतं.

खात्री करायची असेल तर पाणी गेल्यावर तोटी उघडी ठेवून कान द्या. उंचावरच्या घरात बऱ्याचदा ‘स्स्’ असा बारीक आवाज येतो. तोटीच्या तोंडावर ओला तळहात धरला तर तो आत ओढला जातो. पाइपातलं पाणी उतारानं खाली चाललंय आणि त्याची रिकामी जागा भरायला नळ हवा आत घेतोय, एवढाच त्याचा अर्थ. हवा घेतोय तोवर काही बिघडत नाही. पण तोटीला लावलेल्या रबरी पाइपाचं दुसरं टोक पिंपातल्या पाण्यात बुडालेलं असेल, तर आवाजच येत नाही. हवेच्या जागी पाणी आत जातं, गुपचूप. ज्या घरात नळ शांत आहे तिथेच तो पाणी पीत असण्याची शक्यता जास्त.

हे ओढणारं नेमकं कोण? शहाळ्यात नळी घालून पाणी पिताना आपल्याला वाटतं की आपण पाणी ओढतो. खरं तर आपण नळीतली हवा तेवढी कमी करतो. पाणी वर ढकलण्याचं काम शहाळ्यातल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा करते. आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीचं वातावरण आहे आणि त्याला वजन आहे, ही गोष्ट माणसाच्या लक्षात यायला सतराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. कितीही उत्तम पंप लावला तरी विहिरीतलं पाणी साधारण दहा मीटरच्या वर ओढता येत नाही, हे कारागिरांना माहीत होतं. कारण कुणाला सांगता येत नव्हतं. १६४३ साली इटलीत टॉरिचेलीच्या प्रयोगानं ते सापडलं. हवेचं वजन समुद्रसपाटीला पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतं, त्याहून तसूभरही जास्त नाही. पाच वर्षांनी, १६४८मध्ये, पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द डोम हा डोंगर चढला आणि वर जाताना पारा खाली उतरताना त्यानं पाहिला.

आपल्याकडे त्यासाठी फ्रान्सला जायला नको. महाडहून पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचलं की १४३८ मीटर उंचीच्या विल्सन पॉइंटवर पारा महाडपेक्षा सुमारे बारा सेंटिमीटर खाली आलेला असेल. महाडला हवा जे पाणी दहा मीटरहून वर ढकलू शकते, ते तिथे जेमतेम पावणेनऊ मीटर चढतं. एसटीनं दोनेक तासांत होणारा हा प्रवास म्हणजे भौतिकशास्त्रातला एक थोर प्रयोगच आहे. घाटात कानाला दडे बसतात ते त्यामुळेच.

आता पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरउतारावरची एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. वर टाकी, तिच्यातून एकच पाइप उतारानं खाली आणि त्याला दोन्ही बाजूंनी घरांच्या जोडण्या. समजा टाकीच्या थोडं खाली पहिलं घर आहे आणि शेवटचं घर त्याहून पंचवीस मीटर खोल. पाणी सोडणारा माणूस ठरल्या वेळी टाकीचा वॉल्व्ह बंद करतो. खालच्या घरात तोटी अजून उघडी आहे. पाइपातला पंचवीस मीटरचा स्तंभ खाली सरकू लागतो आणि वरच्या घराच्या जोडणीत पोकळी तयार होऊ लागते. हवेची सारी ताकद फार तर दहा मीटर तोलू शकते. इथे तर पंचवीस मीटर पाणी खाली खेचतंय. म्हणजे वरच्या घराच्या नळाला निसर्गाला शक्य आहे तेवढी जास्तीत जास्त ओढ लागू शकते. पण इतक्या ओढीची गरजही नसते. तोटी पिंपातल्या पाण्यापासून हातभर उंचीवर असते. तेवढं अंतर बुडालेल्या रबरी पाइपातून पाणी वर चढून लाइनीत शिरायला वातावरणाच्या दाबाचा लहानसा हिस्सा पुरतो. दोन घरांच्या जोत्यांत माणसाच्या उंचीएवढा फरक असला तरी काम होतं. कोकणात सपाटीवर वसलेलं गाव शोधावं लागतं, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे.

किती पाणी जाऊ शकतं, याचा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि चकित झालो. अर्धा इंची पाइपाची शंभर मीटर लांबी घ्या. तिच्यात साधारण साडेसतरा लिटर पाणी मावतं, म्हणजे भरलेली एक मोठी बादली. दोन इंची पाइपाच्या शंभर मीटरमध्ये दोनशे लिटरच्या जवळपास, म्हणजे अख्खं निळं पिंप. ओळीतला पाइप रिकामा होतो तेव्हा एवढी जागा भरायला काहीतरी आत येणारच. ते काय असेल हे ज्याच्या घरी नळाचं टोक बुडालेलं आहे तो ठरवतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसतं.

काय काय असू शकतं? कपडे भिजवलेल्या बादलीतलं साबणाचं पाणी. गुरांनी तोंड घातलेली डोण. न्हाणीघरातला टब. पाठीवरचा फवारणीचा पंप भरताना औषध आधी ओतून मग आत पाइप सोडायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी पाणी गेलं तर कीटकनाशक पिण्याच्या लाइनीत उतरतं. नव्या घरांत संडासात लावलेला हातातला फवारा आहे. तो हुकावर अडकवलेला असेल तर ठीक, पण भांड्यात लोंबत राहिला आणि मागचा कॉक उघडा असला तर त्याचं तोंड कुठे आहे, हे सांगायला नको.

अमेरिकेत १९६९ साली याची एक विलक्षण घटना नोंदली गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ सरावाला जमला होता. ऑगस्टअखेरच्या एका उष्ण दिवशी जवळच आग लागली आणि ती विझवण्यासाठी बंबवाल्यांनी पाणी खेचलं. त्यामुळे त्या भागातल्या नळांचा दाब कोसळला. मैदानाला पाणी देण्यासाठी जमिनीत खड्डे करून तोट्या बसवलेल्या होत्या आणि त्या खड्ड्यांत पाणी साचलेलं होतं. आसपासची मुलं तिथे खेळत, त्यांच्यातल्या काहींना कावीळ झालेली होती. दाब गेल्याबरोबर खड्ड्यांतलं ते पाणी पाइपात ओढलं गेलं आणि पुढे खेळाडूंच्या पिण्याच्या नळाला आलं. संघाच्या ९७ जणांपैकी सुमारे नव्वद जणांना संसर्ग झाला. दोन सामने खेळून त्या वर्षाचा हंगाम सोडून द्यावा लागला. धडधाकट तरुणांचा एक संघ आजारी पडला, आणि कारण होतं दुसऱ्याच ठिकाणची आग.

ही हकीकत वाचताना मला आग लागली याचं आश्चर्य वाटलं नाही. दाब जायला आग लागावी लागली याचं वाटलं. तिथल्या नळांत चोवीस तास दाब असतो. पाणी उलटणं हा तिथे अपघात आहे. आपल्याकडे नळाला ठरावीक वेळ पाणी येतं आणि जातं. पाइप रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. जे वुस्टरला एका आगीनं घडलं, त्याची पूर्वतयारी आपल्या वाडीत रोज सकाळी वॉल्व्ह बंद करताना होते. म्हणून परदेशी पुस्तकांत दुर्मीळ म्हणून सांगितलेला हा धोका आपण आपल्या दिनक्रमातला म्हणूनच मोजायला हवा. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

त्यात भर मोटारीची. पाणी कमी येतं म्हणून नळाच्या जोडणीला थेट टुल्लू पंप लावणारी घरं प्रत्येक गावात असतात. पंप फक्त आपल्या वाट्याचं पाणी खेचत नाही. तो ओळीतला दाब खाली आणतो. जोडणी गटारातून गेलेली असेल, सांधा सैल असेल, पाइपाला केसाएवढी चीर असेल, तर एरवी त्या चिरेतून पाणी बाहेर झिरपतं. दाब उणा झाला की त्याच चिरेतून गटार आत येतं. मोटार लावणाऱ्याला भरपूर पाणी मिळतं, आणि त्या भरपूर पाण्यात काय आहे ते त्याच्या मुलाबाळांच्या पोटात जातं.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. अंगणात बोअरवेल असते. नळ नसेल तेव्हा तिचं पाणी घरात खेळावं म्हणून दोन्ही लाइनी एका कॉकनं जोडून घेतल्या जातात. बोअरचा पंप पन्नास मीटर खोलीवरून पाणी उचलतो, गावच्या लाइनीतला दाब त्यापुढे किरकोळ. कॉक चुकून उघडा राहिला, किंवा आतून झिजला, की तुमच्या बोअरचं पाणी गावाच्या नळात ढकललं जातं. इथे ओढ नाही, धक्का आहे. परिणाम तोच.

पाणी उलटलं म्हणजे काय होतं, याचा मोठा धडा या देशाला दिल्लीनं दिला. १९५५च्या पावसाळ्यानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी मागे फिरून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं. जलशुद्धीकरण केंद्रानं क्लोरीन वाढवला. टायफॉइड त्यामुळे आटोक्यात राहिला, पण काविळीचा विषाणू तगला. १९५५-५६च्या हिवाळ्यात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ती ‘हिपॅटायटिस ई’ होती हे कित्येक वर्षांनी कळलं. २०१२मध्ये आपल्या इचलकरंजीत त्याच आजाराची साथ आली, तीही पाण्यातूनच. गरोदर बाईला हा आजार झाला तर तिच्या जिवावर बेततं. क्लोरीन टाकला म्हणजे सगळं निभावलं, असं समजणाऱ्यांनी दिल्लीची ही साथ आठवावी.

उपाय काय, तर रिकामी जागा. तोटीचं तोंड आणि भांड्यात पाणी चढू शकेल ती सर्वांत वरची पातळी, यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची. तोटीच्या व्यासाच्या निदान दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर, असा नळकामातला जुना नियम आहे. आपल्या भाषेत दोन बोटं. या दोन बोटांपलीकडचं पाणी नळ ओढू शकत नाही. तो हवाच ओढतो. या उपायात झिजायला स्प्रिंग नाही, गंजायला झडप नाही, अडकायला वाळूचा कण नाही. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा एनआरव्ही मिळतो आणि तो जरूर लावावा, पण कोकणातल्या पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यानं त्याच्या झडपेत खडा बसला की तो उघडाच राहतो आणि बाहेरून कळत नाही. काहीच नसलेली जागा मात्र बिघडत नाही. माणसानं केलेल्या संरक्षणाच्या साधनांत इतकं स्वस्त आणि इतकं भरवशाचं दुसरं मला माहीत नाही.

गावातली जुनी नळकोंडाळी आठवा. तोटी उंच, कारण तिच्याखाली हंडा किंवा कळशी बसायला हवी. पाणी वरून खाली पडायचं, मधे मोकळी हवा. कुणी मुद्दाम शास्त्र योजलं नसेलही, पण ते पाळलं जात होतं. घरोघरी नळ आले, दोनशे लिटरची पिंपं आली, रबरी पाइप आले, आणि ती जागा बुडाली. घरोघरी नळ आले हे चांगलंच झालं. डोक्यावर हंडे वाहून ज्या बायांची हाडं झिजली त्यांच्यासाठी तर फारच. फक्त ती दोन बोटं आपण परत आणली पाहिजेत.

महाडच्या पाण्याविषयी लिहिताना चवदार तळं ओलांडून पुढे जाता येत नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरीही २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दही, दूध भरलेली १०८ मडकी मंत्र म्हणत त्यात बुडवली गेली. माणसाच्या ओंजळीनं पाण्याला काहीही झालं नव्हतं. पाण्यात जंतू खरोखर गेले असतील तर ते त्या शुद्धीच्या शेणातून. त्याच काळात अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई, भांड्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. हवेचं अंतर तिथेही राखलं जात होतं, पण ते माणसापासून. तळ्यावरचा सर्वांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं मान्य करायला १९३७ साल उजाडलं. अंतर घाण पाण्यापासून राखायचं असतं, ही गोष्ट विज्ञान फार साधेपणानं सांगतं: नळातलं पाणी दूषित होतं की नाही हे दाब कुठल्या बाजूला जास्त आहे यावर ठरतं, ते कुणाच्या हाताला लागलं यावर नाही.

आता पुन्हा घरातल्या नळाकडे. ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे त्यांच्यासाठी एक चांगली बातमी. नळाचं पाणी टाकीत वरून पडत असेल तर ती टाकी हीच मोकळी हवा. टाकीखालच्या न्हाणीघरात काहीही बुडालं तरी ते गावाच्या लाइनीत जात नाही. अट एकच: बॉल कॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या पाइपापेक्षा वर हवं. बॉल फुटला, टाकी तुडुंब झाली, तरी जादा पाणी ओव्हरफ्लोनं निघून जातं आणि नळाचं तोंड बुडत नाही. खरा धोका असतो तो ‘डायरेक्ट’ लाइनीत. पिण्यासाठी ताजं पाणी म्हणून स्वयंपाकघरात किंवा अंगणात जो नळ थेट ठेवलेला असतो, त्यालाच पाइप लावून गाडी धुतली जाते, झाडांना पाणी घातलं जातं आणि पिंप भरलं जातं.

पुराच्या गावात आणखी एक काळजी. जमिनीतल्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीला असलं तर पुराचं पाणी थेट आत जातं, हे सगळ्यांना कळतं. पण वीज गेलेली, पुरवठा बंद, पाइप रिकामा आणि अंगणातली तोटी दोन पुरुष पाण्याखाली असेल, तर बाहेरचा दाब पुराचं पाणी प्रत्येक सैल सांध्यातून आत ढकलतो. पूर ओसरल्यावर टाकी धुतली, तरी पाइप धुतलेला नसतो. म्हणून ओळीच्या शेवटच्या टोकाच्या तोट्या उघडून जास्त क्लोरीनचं पाणी पाइपातून वाहू द्यावं लागतं, आणि ते होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं.

उलटं पाणी पकडायची एक सोपी युक्ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे आहे. तो टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो; पाण्यात क्लोरीन उरला असेल तर थेंब टाकल्यावर ते पिवळं होतं. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. टाकीपाशी पाणी छान पिवळं झालं आणि शेवटच्या घरी पांढरंच राहिलं, तर मधल्या वाटेत कुठेतरी घाण आत आली आणि तिच्याशी झगडताना क्लोरीन संपला असा संशय घ्यायला जागा आहे. टाकीजवळची टेस्ट वहीत लिहून काम भागत नाही. ती शेवटच्या घरी करायला सांगा, आणि पाणी आल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत करायला सांगा, कारण रात्रभर पाइपात जे शिरलं ते तेव्हाच बाहेर येतं. ते पहिलं पाणी हंड्यात घेऊ नका, सारवायला नाहीतर झाडांना वापरा.

आणि आज घरी एक काम करा. प्रत्येक थेट नळाला लावलेला पाइप कुठे संपतो ते पाहा. पिंपात बुडालेलं टोक वर काढून काठावर दोन बोटं उंच बांधा, फवारा हुकावर अडकवून त्यामागचा कॉक बंद करा, बोअरची आणि नळाची लाइन जोडलेली असेल तर प्लंबरला बोलावून ती तोडून घ्या. उद्या पाणी जायच्या आधी हे झालेलं असू द्या.